जॉर्जिया ६३, फ्लोरिडा स्टेट ३ : या स्कोअरचा अर्थ काय लावायचा?

जॅक्सनव्हिलकर – ३१ डिसेंबर २०२३

काल मायामी गार्डन्सच्या हार्ड रॉक स्टेडियममध्ये ऑरेंज बोल (कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा हंगामाअखेरचा सामना) पाहिला. जॉर्जिया ६३, फ्लोरिडा स्टेट ३. साठ गुणांचा फरक. कॉलेज फुटबॉलच्या बोल सामन्यांत आजवर कोणी इतक्या फरकाने जिंकलेलं नाही. आधीचा विक्रमही जॉर्जियाचाच, ९ जानेवारीला टीसीयूला (टेक्सासचा एक कॉलेज संघ) ६५-७ असं लोळवलं तो. म्हणजे एकाच कॅलेंडर वर्षात दोनदा.

पार्श्वभूमी माहीत नसलेल्यांसाठी: फ्लोरिडा स्टेट (पुढे एफएसयू) हा संघ हंगामात १३-०. एकही सामना हरलेला नाही, एसीसी या आपल्या कॉन्फरन्सचं (संघांच्या गटाचं) विजेतेपद खिशात. पण १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध त्यांचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास फेकणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस पाय मोडून बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या टेट रोडमेकरला पुढच्याच सामन्यात डोक्याला मार बसला. मग एसीसीची फायनल ब्रॉक ग्लेन या पहिल्या वर्षाच्या पोराने कशीबशी खेळून काढली. बचाव फळी जबरदस्त, म्हणून लुइव्हिलविरुद्ध १६-६ जिंकले.

दुसऱ्या दिवशी, ३ डिसेंबरला, निवड समितीने राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफचे चार संघ जाहीर केले: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. एफएसयू पाचव्या नंबरवर. मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एखादीचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफमधून वगळला गेला असं २०१४ पासून कधीच झालं नव्हतं. सांत्वनाला ऑरेंज बोल, आणि समोर कोण, तर सलग २९ सामने जिंकून एसईसी या आपल्या कॉन्फरन्सच्या फायनलला अलाबामाकडून २७-२४ हरलेला, चवताळलेला जॉर्जिया.

मग गळती लागली. जेरेड व्हर्स, कीऑन कोलमन, जॉनी विल्सन, ट्रे बेन्सन, ब्रेडन फिस्क, सगळे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) तयारीला निघून गेले. बरा झालेला रोडमेकर सामन्याच्या काही दिवस आधी ट्रान्स्फर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत). जखमी धरून पंचवीसच्या वर स्कॉलरशिपवाले खेळाडू नव्हते.

माझ्या पुढच्या रांगेत एक कुटुंब होतं. बापाच्या अंगावर ट्रॅव्हिसची १३ नंबरची जर्सी. हा माणूस पहिला क्वार्टरभर फोनवर रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडून बसला होता. एफएसयूचा कोणी टॅकल केला की नंबर बघायचा, फोनमध्ये शोधायचा आणि बायकोला नाव सांगायचा. आपल्याच संघाचे खेळाडू त्याला ओळखू येत नव्हते! हाफटाइमला ४२-३ झाल्यावर ते उठले. जाताना पोरगं जॉर्जियावाल्यांच्या (ते स्वतःला बुलडॉग म्हणवतात) भुंकण्याची नक्कल करत होतं, बापाने त्याला दटावलंही नाही.

आज सकाळपासून सगळीकडे एकच सूर: 'बघा, समिती बरोबरच होती.' मला हे अजिबात पटत नाही. मंडळी, तुमचं काय म्हणणं?

टोणगा – ३१ डिसेंबर २०२३

नऊ टचडाउन (प्रत्येकी सहा गुण), नऊ एक्स्ट्रा पॉइंट (किकचा एकेक). किकर पोराचे हाल झाले, बाकी सगळे मजेत.

पेठेतला – ३१ डिसेंबर २०२३

पुण्यात रात्री अडीचला सुरू झाला, मी पहिला अर्धा तास पाहिला आणि पांघरूण ओढलं. मला या खेळातलं फार कळत नाही, तेव्हा बाळबोध शंका. हा बोल म्हणजे नक्की काय असतं? फायनल नाही, सेमीफायनल नाही, मग पासष्ट हजारांच्या मैदानात भरवतात कशाला? आणि चांगले खेळाडू न खेळता निघून जातात आणि त्यांना कोणी काही बोलत नाही, हे कसं?

बापू_डेट्रॉइट – १ जानेवारी २०२४

पेठेतले, बोल म्हणजे मुळात पर्यटन. उत्तरेत बर्फ पडत असताना पासाडेना, मायामी, न्यू ऑर्लीन्स अशा उबदार गावांनी नाताळ-नववर्षाच्या सुट्टीत पाहुणे खेचायला काढलेली युक्ती. ऑरेंज बोल १९३५ पासूनचा. दोन लांबच्या संघांना बोलवायचं, मिरवणूक काढायची, हॉटेलं भरायची. राष्ट्रीय विजेता वगैरे भानगड वर्षानुवर्षं पत्रकारांच्या मतांवर ठरायची, आणि कित्येक वर्षं तर बोल खेळायच्या आधीच ठरून जायची.

आणि एकतर्फी म्हणाल, तर पहिला बोल सामनाच एकतर्फी होता. १ जानेवारी १९०२, पासाडेना. आमचं मिशिगन ४९, स्टॅनफर्ड ०. तेव्हा टचडाउनला पाचच गुण होते हे लक्षात घ्या. त्या हंगामात मिशिगनने एकूण ५५० गुण केले आणि दिले शून्य. स्टॅनफर्डची इतकी दमछाक झाली की आठ मिनिटं शिल्लक असताना त्यांनीच 'पुरे' म्हटलं आणि सामना थांबवला. गंमत म्हणजे मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट आदल्याच हंगामात स्टॅनफर्डलाच शिकवत होते. आयोजकांनी या प्रकाराचा इतका धसका घेतला की पुढे काही वर्षं फुटबॉलऐवजी रथांच्या शर्यती लावल्या! फुटबॉल परत आला तो थेट १९१६ ला.

पेठेतला – १ जानेवारी २०२४

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). रथांच्या शर्यती! बापू, 'पुरे' वरून आमच्या पूना क्लबच्या मैदानाची आठवण झाली. डिसेंबर १९४८, रणजी, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम दहा धावांवर. महाराष्ट्र ४ बाद ८२६. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि खरंच निघाले. निंबाळकर ४४३ वरच राहिले, आणि पुढे कसोटीत एकदाही संधी मिळाली नाही ती नाहीच.

तेव्हा माझा प्रश्न असा: काल एफएसयूने तिसऱ्या क्वार्टरला पोरं घेऊन घरी जायला काय हरकत होती?

गार्नेट_गोटू – १ जानेवारी २०२४

मी टॅलाहासीचा, म्हणजे एफएसयूचा, माजी विद्यार्थी, त्यामुळे माझ्याकडून समतोल वगैरे अपेक्षू नका.

पेठेतले, घरी जायचं नसतं कारण जी पोरं मैदानात होती त्यांना खेळायचं होतं. वर्षभर सरावात मोठ्यांचा मार खाल्लेली, टीव्हीवर एक स्नॅपही न मिळालेली पोरं. त्यांची चूक काय? त्यांनी कोणालाही सोडलेलं नाही. समोर मात्र जॉर्जिया, जिथला तिसऱ्या फळीतला खेळाडूसुद्धा हायस्कूलात राज्याचा हिरो असतो. एकूण यार्ड ६७३ विरुद्ध २०९.

पण 'समिती बरोबर होती' म्हणणाऱ्यांचं तर्कशास्त्र काय आहे बघा. समितीने संघाला बाहेर काढलं, म्हणून खेळाडू निघून गेले, म्हणून संघ हरला, म्हणून समितीने बाहेर काढलं ते बरोबर. ही कुठली रीत? व्हर्स आणि फिस्क प्लेऑफमध्ये खेळले नसते असं छातीवर हात ठेवून कोणी सांगेल का? एसीसीच्या फायनलला लुइव्हिलला एकही टचडाउन करता आला नाही, कारण हेच दोघं समोर होते.

अथेन्सची आई – १ जानेवारी २०२४

माझी लेक जॉर्जियात तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरात काल दिवाळी होती. गोटू, तुझं दुःख समजते, पण एक प्रश्न. जॉर्जियालाही प्लेऑफ नाकारलंच होतं ना? लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेते, एक सामना तीन गुणांनी हरले आणि चौघांतून बाहेर. आमचे ब्रॉक बावर्स आणि अमेरियस मिम्स खेळले नाहीत, काही पोर्टलमध्ये गेले. तरी कार्सन बेक खेळला, बाकीचे बहुतेक खेळले, आणि मनापासून खेळले. दोन्हीकडे तोच अपमान, तीच सुट्टी, तोच ड्राफ्ट. मग एका संघात निम्मे घरी आणि दुसऱ्यात बहुतेक हजर, हे कशामुळे? प्रशिक्षकाची काही जबाबदारी आहे की नाही?

टोणगा – १ जानेवारी २०२४

ताईंनी चेंडू मधल्या स्टंपवर टाकलाय. गोटू, खेळ.

गार्नेट_गोटू – १ जानेवारी २०२४

खेळतो. ताई, तोच अपमान नाही. जॉर्जिया हरून बाहेर पडली, एफएसयू जिंकून. हरलेल्या संघाला 'अजून एक सामना आहे, दाखवून देऊ' असं वाटतं. तेरा जिंकूनही 'तुमचा क्वार्टरबॅक जायबंदी आहे, तेव्हा तुम्ही चांगले नाही' असं ऐकावं लागलं तर चौदावा कशासाठी जिंकायचा? ट्रॅव्हिसने तर त्या दिवशी लिहिलं होतं की पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, निदान संघ माझ्याविना कसा खेळतो ते लोकांना दिसलं असतं. हंगामभर मर मर खेळलेल्या पोराच्या तोंडी हे यावं!

प्रशिक्षकाबद्दल मात्र तुमचं बरोबर. माइक नॉर्व्हेलने संघ पोर्टलवर बांधला. व्हर्स ऑल्बनीहून आला, कोलमन मिशिगन स्टेटहून, फिस्क वेस्टर्न मिशिगनहून. भाडेकरू घर सोडताना रंग लावून जात नाही. जॉर्जियात पोरं पहिल्या वर्षापासून तिथलीच असतात, त्यांचा जीव गुंतलेला असतो.

कोलंबसवाला – २ जानेवारी २०२४

'तिसरा क्वार्टरबॅक म्हणजे संघ संपला' म्हणणाऱ्यांनी २०१४ आठवावं. आमच्या ओहायो स्टेटचा ब्रॅक्स्टन मिलर हंगामाआधीच जायबंदी. दुसरा जे. टी. बॅरेट मिशिगनविरुद्ध घोटा मोडून बाहेर. तिसरा कार्डेल जोन्स, त्याच्या कॉलेज कारकिर्दीतला पहिलाच पूर्ण सामना थेट कॉन्फरन्सच्या फायनलला. विस्कॉन्सिन ५९-० साफ. समितीने चौथ्या नंबरवर घेतलं, त्यासाठी टीसीयूला तिसऱ्यावरून सहाव्यावर ढकललं. पुढे अलाबामा ४२-३५, ओरेगन ४२-२०, आणि ट्रॉफी कोलंबसला. तो निर्णय याच समितीचा होता.

बापू_डेट्रॉइट – २ जानेवारी २०२४

कोलंबसवाले, तुमच्याशी सहमत व्हायची माझ्यावर वेळ यावी! (डेट्रॉइट-कोलंबसचं, म्हणजे मिशिगन-ओहायो स्टेटचं, वैर ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल.) पण तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. तुमचे ५९-०, यांचे १६-६. समितीच्या नियमावलीत महत्त्वाच्या खेळाडूची अनुपस्थिती विचारात घ्यायची मुभा आहे, ती २०१४ लाही होती. जोन्सने दाखवलं की फरक पडत नाही. ग्लेन बिचाऱ्याने दाखवलं की पडतो.

आणि अलाबामाला टेक्सासने त्यांच्याच घरी ३४-२४ हरवलेलं, त्याच अलाबामाने जॉर्जियाला हरवलेलं. टेक्सासला घ्यायचं तर अलाबामाला वगळता येईना, अलाबामाला घ्यायचं तर टेक्सासला. जागा चार. पेच एसईसीचा होता, कापलं गेलं एसीसीचं.

अवांतर: काल आम्ही रोझ बोलमध्ये त्याच अलाबामाला जादा वेळेत २७-२० असं घरी पाठवलं. बस इतकंच. जास्त बोलत नाही.

कोलंबसवाला – २ जानेवारी २०२४

बोलून झालं की बापू तुमचं.

मी_शरयू – २ जानेवारी २०२४

मी फिजिओ आहे, इथल्या एका कॉलेजच्या खेळाडूंना पाहते. 'पळपुटे' हा शब्द बराच फिरतोय म्हणून लिहिते.

१ जानेवारी २०१६, फिएस्टा बोल. नोत्र दामचा जेलन स्मिथ, पहिल्या पाच-दहात जाणार म्हणून नाव असलेला लाइनबॅकर (बचावपटू). ओहायो स्टेटविरुद्ध गुडघा असा गेला की लिगामेंट तर फाटलीच, वर नसही दुखावली. ड्राफ्टमध्ये ३४ वा गेला आणि पहिलं पूर्ण वर्ष मैदानात उतरला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी लिओनार्ड फर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी बोल खेळणार नाही असं जाहीर केलं तेव्हा केवढा गहजब झाला होता! दोघंही पहिल्या आठात गेले. गहजब करणाऱ्यांपैकी कोणी स्मिथचे बुडालेले पैसे भरून दिले नव्हते.

गुडघ्याची समोरची लिगामेंट गेली की शस्त्रक्रिया, मग नऊ महिने ते वर्ष. पहिले काही आठवडे तर मांडीचा स्नायू नुसता आवळून दाखव म्हटलं तरी होत नाही. शंभर किलोचा गडी टेबलावर पडलेला असतो, आपल्याच मांडीकडे बघत, आणि ती हलत नाही. हे समोरून पाहिलं की 'एक सामना खेळला असता तर काय बिघडलं असतं' असं म्हणवत नाही.

बापू_डेट्रॉइट – २ जानेवारी २०२४

+१ शरयूताई. आमचा जेक बट. हाच ऑरेंज बोल, हेच मैदान, समोर हेच एफएसयू, ३० डिसेंबर २०१६. म्हणजे परवाच्या सामन्याआधी बरोबर सात वर्षं. गुडघा गेला, सामना आम्ही ३३-३२ हरलो, आणि एवढा चांगला टाइट एंड (पास झेलणारा खेळाडू) ड्राफ्टच्या पाचव्या फेरीपर्यंत कोणी उचलला नाही.

चिकटगुंडा – २ जानेवारी २०२४

सगळं मान्य, पण टीसीयूचं काय? जानेवारी २०२३ च्या फायनलला टीसीयू जवळजवळ पूर्ण संघासह उतरला होता. कोणी घरी गेलं नव्हतं, समोर राष्ट्रीय विजेतेपद होतं. हाफटाइमला ३८-७, शेवटी ६५-७. म्हणजे पूर्ण संघ आणला तरी जॉर्जियाने अठ्ठावन्नने मारलं, अर्धा आणला तर साठने. फरक दोन गुणांचा! व्हर्स-फिस्क असते तर ४५-१० झाला असता, म्हणून काय?

जॅक्सनव्हिलकर – ३ जानेवारी २०२४

चिकटगुंडा, हा मुद्दा आवडला, कारण माझ्या मते तो तुमच्या विरुद्ध जातो. त्या टीसीयूने फायनलच्या आधी काय केलं होतं? फिएस्टा बोलमध्ये मिशिगनला ५१-४५ हरवलं होतं. (बापू, माफ करा.) मिशिगन १३-० होतं, सगळे म्हणत होते टीसीयू चुरडला जाणार. समितीने त्या वेळी 'हे फायनलला मार खातील' असं आधीच ठरवून त्यांना वगळलं असतं, तर तो सामना झालाच नसता. आणि ६५-७ झाल्यावरही टीसीयू प्लेऑफला नालायक होता असं मला वाटत नाही. उपांत्य फेरी जिंकून आलेला संघ नालायक कसा?

स्कोअर मागे लावून निवड बरोबर ठरवायची तर मग एफएसयूचाच २०१४ चा संघ घ्या. तेही १३-०, त्यांना प्लेऑफला घेतलं, आणि रोझ बोलमध्ये ओरेगनने ५९-२० धुतलं. म्हणून काय त्यांना घ्यायला नको होतं?

माझं म्हणणं एवढंच की परवाच्या ६३-३ वरून जॉर्जियाच्या राखीव फळीच्या ताकदीचा अंदाज येतो, बोल सामन्यांचं आता काय झालंय ते कळतं. १३-० वाला एफएसयू किती चांगला होता हे मात्र त्यातून काडीइतकंही कळत नाही, कारण तो संघ तिथे नव्हताच. जिंकलेल्या बाजूचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट स्वतः सामन्यानंतर म्हणाले की हे चाललंय ते दुरुस्त करायला हवं. साठने जिंकून तक्रार करणारा प्रशिक्षक मी तरी पहिल्यांदा पाहिला.

अथेन्सची आई – ३ जानेवारी २०२४

स्मार्ट म्हणाले ते खरं आहे. मूळ दुखणं वेळापत्रकाचं आहे. पोर्टल ४ डिसेंबरला उघडलं, हायस्कूलच्या मुलांच्या सह्या २० डिसेंबरला, बोल ३० ला. म्हणजे प्रशिक्षकाने एकाच महिन्यात जुनी पोरं थांबवायची, नवी आणायची आणि मधल्या वेळात सामन्याची तयारी करायची. कॉलेजचा पुढचा सेमिस्टर जानेवारीत सुरू होतो, त्यामुळे बदली करणाऱ्या पोराला डिसेंबरातच ठरवावं लागतं. रोडमेकरला शिव्या घालणाऱ्यांनी त्याने कधी जायला हवं होतं तेही सांगावं.

टोणगा – ३ जानेवारी २०२४

ताई जॉर्जियाच्या आणि वकिली एफएसयूच्या क्वार्टरबॅकची. या धाग्यावर सगळंच उलटंपालटं.

चिकटगुंडा – ४ जानेवारी २०२४

तरी एफएसयूने एक संधी घालवलीच. २०१७ ला सेंट्रल फ्लोरिडा १२-० होती, प्लेऑफ नाकारलं. त्यांनी रडत न बसता पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ हरवलं. त्याच ऑबर्नने त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया, दोन्ही फायनलवाल्यांना हरवलेलं. मग सेंट्रल फ्लोरिडाने स्वतःला राष्ट्रीय विजेते जाहीर करून डिस्नी वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. लोक हसले, पण आजही त्यांचा उल्लेख होतो. एफएसयू काय करतंय? राज्याच्या अटर्नी जनरलकडून चौकशी, गव्हर्नरकडून कोर्टकचेरीसाठी दहा लाख डॉलरची तरतूद, आणि २२ डिसेंबरला आपल्याच कॉन्फरन्सवर दावा. मैदान सोडून सगळीकडे लढतायत.

गार्नेट_गोटू – ४ जानेवारी २०२४

हा वार बसला. मिरवणुकीचं मनावर घ्यायला हवं होतं. दाव्याचं मात्र प्रकरण वेगळं आहे, तो टीव्हीच्या पैशांचा आणि कॉन्फरन्समधून बाहेर पडण्याच्या दंडाचा वाद, फार आधीपासून धुमसत होता. ३ डिसेंबरने फक्त काडी लावली.

टोणगा – १६ डिसेंबर २०२४

धागा वर काढतोय. गोटू आहेस का? यंदा एफएसयू २-१०.

गार्नेट_गोटू – १७ डिसेंबर २०२४

आहे. १३-० वरून एका वर्षात २-१०. डब्लिनला जॉर्जिया टेककडून २४-२१ ने सुरुवात झाली आणि मग घसरगुंडी थांबलीच नाही. भाडेकरू गेले, नवे आले ते जुन्यांच्या तोडीचे नव्हते. व्हर्स आणि फिस्क दोघंही ड्राफ्टमध्ये एनएफएलच्या लॉस अँजेलिस रॅम्सला गेले, १९ वा आणि ३९ वा, आणि तिथे एकत्र धुमाकूळ घालतायत. मी आता दर रविवारी रॅम्स बघतो. शनिवारी मन रमवायला बागकाम.

अथेन्सची आई – १७ डिसेंबर २०२४

गोटू, बागेत काय लावलंयस ते सांग, वेगळा धागा काढ. इकडे बोलची तऱ्हा बघा: मार्शलने इंडिपेंडन्स बोलमधून नावच काढून घेतलं. प्रशिक्षक चार्ल्स हफ दुसरीकडे गेले, त्यांच्यामागे पोरांची रांग पोर्टलला, आणि सामन्याला पुरेसे खेळाडूच उरले नाहीत. पेठेतल्यांचा ठाकोरसाहेब फॉर्म्युला, फक्त टॉसच्या आधी.

पेठेतला – १८ डिसेंबर २०२४

ठाकोरसाहेबांनी निदान ८२६ होईपर्यंत फील्डिंग केली हो!

कोलंबसवाला – १२ जानेवारी २०२५

यंदा प्लेऑफ बारा संघांचा झालाय, त्याचा हिशेब मांडू. पहिल्या फेरीचे चार सामने: नोत्र दाम २७-१७ इंडियाना, पेन स्टेट ३८-१० एसएमयू, टेक्सास ३८-२४ क्लेमसन, आणि आम्ही टेनेसीला ४२-१७. चारही दहा किंवा जास्त गुणांनी. नंतर रोझ बोलमध्ये आम्ही अपराजित ओरेगनवर दुसऱ्या क्वार्टरलाच ३४-० होतो, संपला ४१-२१. पोरं ड्राफ्टसाठी घरी बसली नव्हती, सगळ्यांना जिंकायचं होतं, तरी एकतर्फी. तेव्हा जागा वाढवल्या की चुरस वाढते या भ्रमात कोणी राहू नये.

जॅक्सनव्हिलकर – १२ जानेवारी २०२५

खरंय, पण त्याच हार्ड रॉकवर ९ जानेवारीला यंदाचा ऑरेंज बोल झाला, उपांत्य सामना म्हणून. नोत्र दाम २७, पेन स्टेट २४. सात सेकंद उरले असताना मिच जेटरची फील्ड गोल (तीन गुणांची किक). मी टीव्हीवर पाहिला आणि एकदाही रोस्टर शोधावं लागलं नाही.

एकतर्फी सामने होणारच, एका संघाचा दिवस असतो, दुसऱ्याचा नसतो. हरलेल्या टेनेसीचा स्कोअर बघून मला निदान कळतं की ते त्या दिवशी आमच्या कोलंबसवाल्यांपेक्षा किती कमी पडले. ६३-३ मधून ते कळत नव्हतं, माझं दुखणं तेवढंच होतं.

मी_शरयू – ४ मे २०२५

इथेच नोंदवते. जॉर्डन ट्रॅव्हिसने गेल्या महिन्यात निवृत्ती जाहीर केली. एनएफएलच्या जेट्स संघाने ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत घेतलं होतं, पण पाय पुन्हा त्या दर्जाचा झाला नाही. एनएफएलचा एकही सामना न खेळता. डॉक्टरांनी सांगितल्यावर थांबला.

गार्नेट_गोटू – ४ मे २०२५

वाचलं होतं. लिहायचा धीर झाला नाही. आणि व्हर्स त्याच हंगामात वर्षातला सर्वोत्तम नवोदित बचावपटू. दोघं एकाच लॉकररूममधले.

चिकटगुंडा – ९ जून २०२५

कोर्टाने कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची तडजोड मंजूर केली. १ जुलैपासून, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा. आता करारातच लिहून घेता येईल की बोल खेळलास तर शेवटचा हप्ता, नाहीतर नाही. सुटला तुमचा प्रश्न.

अथेन्सची आई – ९ जून २०२५

म्हणजे व्हर्ससारख्याने पहिल्या फेरीचे कोटी धोक्यात घालून शेवटच्या हप्त्यासाठी खेळावं? हप्ता सोडून देईल तो. अट चालेल ती दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पोरांवर, आणि ती पोरं तर ६३-३ च्या सामन्यातही मैदानात होतीच.

गार्नेट_गोटू – १० जून २०२५

ताईंना +१. आणि चिकटगुंडा, ३० ऑगस्टला आमच्याकडे अलाबामा येतंय. ३ डिसेंबरला ज्यांना आमच्या जागेवर घेतलं तेच. सगळे हजर असतील, दोन्हीकडचे. त्या दिवशी या, मग बोलू.

टोणगा – १० जून २०२५

गोटूने बागकाम सोडलं वाटतं.